स्पॅनिश प्रादेशिक लोकधुनांवर आधारित अभिजात संगीतरचना

स्पेनच्या निरनिराळ्या प्रदेशांतील लोकगीते व लोकनृत्ये यांच्या सुरावटी, लयबंध किंवा वादनपद्धती यांचा आधार घेऊन पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या रीतीने बांधलेल्या रचना. पियानो, गिटार, व्हायोलिन यांसारखी एकल वाद्ये, कंठसंगीत, वाद्यवृंद, बॅले व संगीतिका अशा बहुतेक सर्व प्रकारांत त्या आढळतात. सोळाव्या शतकापासून त्यांची उदाहरणे मिळत असली, तरी त्यांचा बहराचा काळ साधारणपणे १८४५ ते १९४० हा होय.

लोकधुनेचा उपयोग संगीतकार तीन प्रकारे करतात. पहिल्या प्रकारात मूळ धून जवळजवळ जशीच्या तशी ठेवून तिला नवी साथ व स्वरमेळ दिला जातो. दुसऱ्यात ती धून बीजासारखी वापरून तिचा विस्तार, रूपांतर वा संयोग साधला जातो. तिसऱ्यात कोणतीही प्रत्यक्ष धून न घेता लोकसंगीताची स्वरपंक्ती, लय आणि वाद्यांचा नाद आत्मसात करून नवी सुरावट निर्माण केली जाते. ह्यांतील कोणताही प्रकार स्वभावतः श्रेष्ठ वा कनिष्ठ नाही. रचनेचा कस लागतो तो वेगळ्याच बाबतीत. ‘स्पॅनिश’ ह्या एकाच नावाखाली मोडणाऱ्या, पण परस्परांहून अगदी भिन्न असलेल्या प्रादेशिक परंपरांपैकी नेमकी कोणती परंपरा संगीतकाराने ऐकली आणि ती त्याला कितपत कळली, ह्यावर रचनेची योग्यता अवलंबून राहते.

प्रादेशिक लोकसंगीताचे स्वरूप : स्पेनमध्ये एकच एक राष्ट्रीय लोकसंगीत नाही. डोंगररांगांनी विभागलेला भूप्रदेश, भिन्न भाषा, तसेच दक्षिणेत आठव्या शतकापासून १४९२ पर्यंत कमीअधिक विस्ताराने टिकून राहिलेली मुस्लिम सत्ता ह्या कारणांनी प्रत्येक प्रदेशाचे संगीत स्वतंत्रपणे घडले.

वायव्येकडील गॅलिशिया व आस्तुरियास ह्या पावसाळी, हिरव्या प्रदेशांत ‘गाइता’ ह्या मशकवाद्याचे प्राबल्य आहे. त्याच्या अखंड आधारस्वरावर पहाटेचे ‘आल्बोरादा’ हे वादन किंवा ६/८ मात्रांचे ‘मुइन्येइरा’ हे नृत्य चालते. बास्क प्रदेशातील ‘सॉर्टसिको’ हा नृत्यप्रकार पाच मात्रांच्या आवर्तनाचा असून त्याची हेलकावणारी लय चटकन ओळखू येते. ॲरागॉनचे ‘खोता’ (उच्चार ‘होता’ असाही करतात) हे तीन मात्रांचे जलद युगुलनृत्य होय. गिटार, बांदुर्रिया व चिपळ्यांसारखी ‘कास्तान्येत’ ही वाद्ये त्याला साथ करतात. त्याचा स्वरमेळ मुख्यतः षड्‌जावरील आणि पंचमावरील अशा दोनच स्वरसंघांत आलटून पालटून फिरतो आणि चार ओळींचे कडवे सात चरणांत पसरून गायिले जाते. कॅटलोनियाचे ‘सार्दाना’ हे नृत्य हातात हात गुंफून वर्तुळाकार केले जाते. त्याची साथ ‘कोब्ला’ नावाचा अकरा वादकांचा ताफा करतो. कॅस्टील व ला मांचा येथे ‘सेगिदिया’ हा तीन मात्रांचा प्रकार रूढ आहे.

दक्षिणेकडील अँडलूझियाचे संगीत ह्या सर्वांहून निराळे आहे. त्याची स्वरपंक्ती भारतीय श्रोत्यास परिचित वाटण्याजोगी असून कोमल ऋषभ, गंधार, धैवत व निषाद ह्या स्वरांमुळे ती भैरवी थाटाशी जुळते. परंतु मूळ स्वरावर विसावताना गिटारचा वादक शुद्ध गंधाराचा स्वरसंघ वाजवतो, त्यामुळे दोन्ही गंधारांचा एक विशिष्ट ताण निर्माण होतो. मध्यम, कोमल गंधार, कोमल ऋषभ, षड्‌ज अशी पायरीपायरीने उतरणारी स्वरसंघांची मालिका ही ह्या संगीताची खूण होय. लयीच्या बाबतीत बारा मात्रांचे विषम विभाजन महत्त्वाचे आहे. ‘पेतेनेरा’ व ‘ग्वाहिरा’ ह्या प्रकारांत ते ३+३+२+२+२ असे असते. ‘फांदांगो’, ‘मालागेन्या’, ‘सोलेआ’, ‘पोलो’, ‘फार्रुका’ इ. प्रकार ह्याच प्रदेशात रुजले वा वाढले.

पूर्वपीठिका : लुईस दे नार्व्हाएथ ह्या वादकाच्या १५३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘व्हिवेला’ वाद्याच्या ग्रंथात त्या काळी लोकांच्या तोंडी असलेल्या एका गुराख्याच्या गीताच्या चालीवर बांधलेली रूपांतरे आढळतात. मुद्रित स्वरूपात उपलब्ध असलेल्या रूपांतरमालिकांत त्यांची गणना अगदी प्रारंभीच्या रचनांत होते. सालामांका विद्यापीठातील अंध संगीताध्यापक फ्रान्सिस्को दे सालीनास (१५१३–९०) याने आपल्या १५७७ मधील लॅटिन ग्रंथात छंद व लय यांची उदाहरणे म्हणून अनेक लोकधुना लिहून ठेवल्या. आजच्या अभ्यासकांना सोळाव्या शतकातील लोकगायनाची जी थोडीफार प्रत्यक्ष माहिती मिळते, तिचे बरेचसे श्रेय ह्या ग्रंथाकडे जाते.

अठराव्या शतकात स्पेनमध्ये स्थायिक झालेल्या दोन इटालियन संगीतकारांनी ह्या परंपरेत भर घातली. दोमेनीको स्कार्लात्ती (१६८५–१७५७) हा १७२९ मध्ये सेव्हिलला आला आणि पुढे माद्रिदच्या राजदरबारी राहिला. हार्पसिकॉर्ड वाद्यासाठी लिहिलेल्या त्याच्या साडेपाचशेहून अधिक सोनाटांपैकी कित्येकांत गिटारच्या तारा एकदम छेडल्याचा भास करून देणारे कर्कश स्वरसंघ व अँडलूझियन वळणाच्या सुरावटी आढळतात. लूईजी बोक्केरीनी (१७४३–१८०५) याने माद्रिदच्या रस्त्यांवरील रात्रीचे संगीत एका पंचवाद्यरचनेत चितारले आणि दुसऱ्या एका रचनेत फांदांगो गुंफला.

परदेशी संगीतकारांचा स्पेन : एकोणिसाव्या शतकात स्वच्छंदतावादी प्रवृत्तीमुळे यूरोपला स्पेनविषयी विलक्षण कुतूहल वाटू लागले. रशियन संगीतकार म्यिखईल ग्लिंका (१८०४–५७) हा १८४५ ते १८४७ ह्या काळात स्पेनमध्ये राहिला. तो स्पॅनिश भाषा शिकला आणि गिटारवादकांना घरी बोलावून त्यांच्याकडून ऐकलेल्या धुना त्याने वहीत टिपून घेतल्या. ॲरागॉनच्या खोतावर आधारलेली त्याची वाद्यवृंदरचना (१८४५) ह्या परिश्रमांचे फळ होय. हंगेरियन संगीतकार फ्रांट्स लिस्ट याने त्याच नृत्याचा उपयोग आपल्या ‘स्पॅनिश रॅप्सडी’मध्ये केला, तर फ्रेंच संगीतकार एमान्युएल शाब्रिए याने १८८२ मधील स्पेनच्या प्रवासात केलेल्या टिपणांवरून ‘एस्पान्या’ (१८८३) ही खोता व मालागेन्या यांवर आधारित उत्फुल्ल रचना सिद्ध केली.

न्यिकलाय रिम्स्की-कॉर्साकॉव्ह (१८४४–१९०८) याच्या सुप्रसिद्ध ‘स्पॅनिश काप्रीच्चिओ’चे (१८८७) उदाहरण उद्बोधक आहे. तिच्यातील धुना त्याने होसे इन्थेंगा ह्या स्पॅनिश संगीतकाराने १८७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लोकगीतसंग्रहातून घेतल्या. श्रोते ह्या रचनेला दक्षिणेच्या उन्हाचे संगीत समजतात. प्रत्यक्षात तिच्या पाच भागांपैकी दोनदा येणारा ‘आल्बोरादा’ व शेवटचा ‘फांदांगो’ हे आस्तुरियासचे, म्हणजे उत्तरेकडील धुक्याच्या प्रदेशाचे आहेत. जिप्सी गीताचा भाग तेवढा दक्षिणेकडील आहे.

झॉर्झ बीझे (१८३८–७५) याच्या ‘कार्मेन’ (१८७५) ह्या संगीतिकेतील ‘हाबानेरा’ची कथाही अशीच आहे. ही लोकधून आहे असे समजून बीझेने ती घेतली. वस्तुतः ती सेबास्तियान इराद्येर (१८०९–६५) ह्या बास्क प्रदेशात जन्मलेल्या संगीतकाराची असून तिचा लयबंध क्यूबाहून आलेला आहे. अशा रीतीने सेव्हिलच्या जिप्सी स्त्रीचे प्रतीक ठरलेले हे गीत बास्क रचनाकाराचे, क्यूबन लयीचे आणि फ्रेंच भाषेतील आहे. ‘कार्मेन’चे संगीतमूल्य त्यामुळे कमी होत नाही. परंतु यूरोपच्या कल्पनेतील ‘स्पेन’ म्हणजे बहुधा अँडलूझिया आणि तोही पुष्कळदा काल्पनिक, ही गोष्ट त्यावरून स्पष्ट होते.

विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रेंच संगीतकारांनी हे नाते अधिक सूक्ष्म केले. क्लोद दब्यूसी (१८६२–१९१८) याचा स्पेनशी प्रत्यक्ष संबंध सीमेजवळच्या सान सेबास्तियान येथे घालविलेल्या काही तासांपुरताच होता. तरीही ‘ग्रानादातील संध्याकाळ’ (१९०३) ह्या पियानोरचनेत एकही लोकधून न घेता त्याने अँडलूझियाचे अंतरंग पकडले, असा निर्वाळा पुढे मान्वेल दे फाल्या ह्या अँडलूझियन संगीतकारानेच दिला. मॉरिस रव्हेल (१८७५–१९३७) याची आई बास्क होती. ‘स्पॅनिश रॅप्सडी’ (१९०७–०८) व ‘बोलेरो’ (१९२८) ह्या त्याच्या कृती सर्वपरिचित आहेत, पण १९१४ च्या पियानो त्रयीतील ३+२+३ मात्रांचा पहिला भाग त्याच्या मातृभूमीच्या नृत्यलयीशी अधिक जवळचे नाते सांगतो.

पेद्रेल व लोकगीतसंग्रह : स्पेनमधील संगीतक्षेत्रावर एकोणिसाव्या शतकात इटालियन संगीतिकेचे वर्चस्व होते. ‘सार्सुएला’ ह्या देशी संगीतनाट्यात लोकनृत्ये येत, परंतु गंभीर रचनांच्या दृष्टीने लोकसंगीताकडे पाहिले जात नसे. हा दृष्टिकोन बदलण्याचे कार्य कॅटलोनियातील टोर्टोसा येथे जन्मलेल्या फेलीपे पेद्रेल (१८४१–१९२२) याने केले. १८९१ मधील आपल्या पुस्तिकेत त्याने प्रत्येक राष्ट्राच्या कलासंगीताची उभारणी त्याच्या लोकगीतांवर व्हावी, असा आग्रह धरला. त्याच्या स्वतःच्या संगीतिकांना फारसे यश लाभले नाही. तथापि आल्बेनीथ, ग्रानादोस, फाल्या व जेरार्ड हे त्याचे शिष्य आणि आयुष्याच्या अखेरीस चार खंडांत प्रसिद्ध झालेला त्याचा लोकगीतकोश, ही त्याची खरी निर्मिती ठरली.

ह्याच सुमारास प्रदेशवार संग्रहही निघू लागले. बुर्गोस प्रांतातील गीतांचा फेदेरीको ओल्मेदाकृत संग्रह (१९०३), सालामांकाचा दामासो लेदेस्माकृत संग्रह (१९०७), आस्तुरियासचा एदुआर्दो मार्तीनेथ तोर्नेरकृत संग्रह (१९२०) आणि रेसुर्रेक्सिओन मारिया दे आस्क्वे याचा बास्क गीतांचा विस्तृत संग्रह हे विशेष महत्त्वाचे होत. कॅटलोनियात १९२० नंतर गीतसंकलनाची मोठी संघटित मोहीम सुरू झाली. संग्राहकांत धर्मोपदेशकांचा भरणा मोठा होता, कारण खेड्यांशी त्यांचा नित्य संपर्क असे. ज्यांनी ही गीते गायिली, त्या शेतकरी स्त्रिया, मेंढपाळ व हमाल यांची नावे मात्र सहसा नोंदली गेली नाहीत. रंगमंचावर संगीतकाराचे नाव आले, पण गाणाऱ्याचे नाव गळाले, ही ह्या संपूर्ण परंपरेची एक उणीव होय.

आल्बेनीथ आणि ग्रानादोस : ईसाआक आल्बेनीथ (१८६०–१९०९) हा जन्माने कॅटलन असूनही त्याची प्रतिभा अँडलूझियात रमली. त्याच्या ‘स्पॅनिश मालिका’ ह्या पियानोसंचात ग्रानादा, कॅटलोनिया, सेव्हिल, काडिझ, आस्तुरियास, ॲरागॉन, कॅस्टील व क्यूबा अशी आठ नावे येतात. ह्या संचाचे आजचे रूप मात्र संपूर्णपणे त्याचे नाही. आरंभी त्याने चारच रचना पूर्ण केल्या होत्या. उरलेल्या शीर्षकांखाली त्याच्या इतर रचना घालून प्रकाशकाने त्याच्या मृत्यूनंतर संच पूर्ण केला. त्यामुळे गिटारवर जगभर वाजविली जाणारी ‘आस्तुरियास’ ही रचना मुळात केवळ एक ‘पूर्वरंग’ असून तिचे संगीत सर्वस्वी अँडलूझियन आहे. तिच्यातील एका स्वराभोवती फिरणारी द्रुत आंदोलने गिटारच्या वादनतंत्राची आहेत. गाइता वाद्याचा वा उत्तरेकडील नृत्याचा तिच्यात मागमूस नाही. शीर्षकावरून संगीताचा प्रदेश ठरविणे किती फसवे असते, ह्याचे हे ठळक उदाहरण होय.

‘इबेरिया’ (१९०५–०८) ह्या बारा रचनांच्या चार पुस्तकांत आल्बेनीथची कला परिपक्व झालेली दिसते. माद्रिदमधील ‘लाव्हापिएस’ ह्या वस्तीचा अपवाद सोडल्यास स्थलनाम धारण करणाऱ्या तिच्यातील रचना अँडलूझियाशी निगडित आहेत. प्रत्यक्ष लोकधून तिच्यात क्वचितच येते. सेव्हिलमधील धार्मिक मिरवणुकीचे चित्रण करणाऱ्या रचनेत ‘ला तारारा’ ह्या लोकगीताची चाल ढोलाच्या ठेक्यावर येते आणि पुढे मिरवणूक थांबली असता सज्जातून उत्स्फूर्तपणे गायिल्या जाणाऱ्या ‘साएता’ ह्या भक्तिगीताचा आभास होतो. दोन गीतप्रकारांच्या ह्या टकरीतून उत्सवाचा गोंगाट आणि त्यामागील शोक दोन्ही प्रकट होतात.

एन्रीके ग्रानादोस (१८६७–१९१६) याच्या ‘बारा स्पॅनिश नृत्ये’ (सु. १८९०) ह्या संचात ॲरागॉन, व्हॅलेंसिया, अँडलूझिया इ. प्रदेशांचे रंग आहेत, तरी सुरावटी बहुतेक त्याच्या स्वतःच्या आहेत. सहाव्या नृत्यात संथपणे सुरू होऊन क्रमाने वेग घेणारा खोता येतो. ‘गोयेस्कास’ (१९११) ह्या पियानोसंचातील तरुणी व बुलबुल यांच्या संवादाची सुरावट व्हॅलेंसियाच्या परिसरातील एका लोकगीतावर आधारलेली आहे. ह्याच सामग्रीवरील संगीतिकेचा पहिला प्रयोग जानेवारी १९१६ मध्ये न्यूयॉर्क येथे झाला. तेथून परतताना मार्चमध्ये इंग्लिश खाडीत जर्मन पाणबुडीने ‘ससेक्स’ ह्या जहाजावर केलेल्या हल्ल्यात ग्रानादोस व त्याची पत्नी मृत्यू पावली.

मान्वेल दे फाल्या : लोकधून व अभिजात रचना यांच्या संबंधांचा सर्वांत सखोल विचार फाल्या (१८७६–१९४६) याने केला. काडिझ येथे जन्मलेल्या फाल्याने १९०७ ते १९१४ ही वर्षे पॅरिसमध्ये काढली. तेथे दब्यूसी, रव्हेल व आल्बेनीथ यांच्याशी त्याचा स्नेह जडला. पहिल्या महायुद्धामुळे मायदेशी परतण्यापूर्वी त्याने ‘सात स्पॅनिश लोकगीते’ (१९१४) ही कंठ व पियानो यांसाठीची मालिका पूर्ण केली. तिचा पहिला कार्यक्रम १९१५ मध्ये माद्रिद येथे झाला.

ह्या मालिकेत प्रदेशांची निवड जाणीवपूर्वक केलेली आहे. पहिली दोन गीते मुर्सियाची, तिसरे आस्तुरियासचे, चौथे ॲरागॉनचा खोता, पाचवे अंगाईगीत व सातवे पोलो ही अँडलूझियाची असून सहावे अनेक प्रांतांत प्रचलित असलेल्या चालीचे आहे. डाग पडल्यामुळे किंमत उतरलेल्या उंची वस्त्राचे रूपक वापरणाऱ्या पहिल्या गीतात पियानो गिटारचे रूप घेतो. आस्तुरियासच्या गीतात सांत्वनासाठी पाइन वृक्षाजवळ गेलेल्या व्यक्तीचे अश्रू पाहून तो वृक्षही रडू लागतो. तेथे गायिकेची धून कमालीची साधी ठेवून साथीत एकसुरी, मंद गुंजन योजले आहे. त्या धुनेला फाल्याने कोठेही अलंकृत केलेले नाही. अखेरच्या पोलोमध्ये मात्र एकाच स्वराचे द्रुत आघात व मध्येच फुटणारे आर्त उद्गार यांनी वेदनेचा स्फोट होतो.

मान्वेल गार्सीआ मातोस ह्या लोकसंगीताच्या अभ्यासकाने विसाव्या शतकाच्या मध्यास ह्या गीतांची मुळे शोधली. त्यांतील काही धुना इन्थेंगा आदींच्या मुद्रित संग्रहांतून अत्यल्प फेरफाराने घेतल्या असून खोता व पोलो यांत फाल्याचा स्वतःचा वाटा मोठा आहे, असे त्याने दाखवून दिले. म्हणजे धून बहुधा परकी, पण साथ पूर्णतः फाल्याची आहे. ही साथ धुनेवर बाहेरून लादलेली नाही. धुनेतच दडलेला स्वरमेळ शोधून काढून ती सिद्ध केलेली आहे. लोकगीताच्या अक्षरापेक्षा त्याचा आत्मा महत्त्वाचा, असा विचार त्याने १९१७ मधील एका लेखात मांडला आहे. ह्या मालिकेची व्हायोलिनसाठी पाउल कोखान्स्की याने केलेली आणि वाद्यवृंदासाठी लुचानो बेरिओ याने १९७८ मध्ये केलेली रूपांतरे प्रसिद्ध आहेत.

‘एल आमोर ब्रुखो’ (१९१५, म. शी. ‘मंतरलेले प्रेम’) हे नृत्यनाट्य फाल्याने पास्तोरा इम्पेरिओ ह्या जिप्सी नर्तिकेसाठी लिहिले. त्यात लोकधुना उचललेल्या नसूनही सर्व संगीत जिप्सी गायकीच्या वळणाचे आहे. ‘तिकोनी टोपी’ हा बॅले १९१९ मध्ये लंडन येथे द्यागिल्येव्हच्या रशियन बॅले संस्थेने सादर केला. त्याचे नेपथ्य पिकासोने व नृत्यरचना मासीनने केली. शेजाऱ्यांचे सेगिदिया, गिरणीवाल्याची फार्रुका, त्याच्या पत्नीचा फांदांगो आणि शेवटचा खोता अशा योजनेमुळे येथे प्रादेशिक नृत्यच पात्रांची ओळख बनते. ह्या बॅलेची दुसरी बाजू मात्र करुण आहे. मासीनला अँडलूझियन नृत्य ज्याने शिकविले, त्या फेलिक्स फेर्नांदेथ ह्या तरुण नर्तकाला संस्थेने लंडनला नेले, पण प्रमुख भूमिका मासीननेच केली. प्रयोगापूर्वीच त्याचा मानसिक तोल ढळला आणि १९४१ मध्ये मृत्यू येईपर्यंतचे आयुष्य त्याला इंग्लंडमधील मनोरुग्णालयात कंठावे लागले.

‘कांते होंदो’ स्पर्धा व भारतीय संबंधाचा प्रश्न : अँडलूझियातील ‘कांते होंदो’ (गहन गायन) ही जुनी गायकी व्यापारी रंगमंचामुळे लुप्त होईल, ह्या चिंतेने फाल्या व कवी फेदेरीको गार्सीआ लोर्का (१८९८–१९३६) यांनी इतरांच्या साहाय्याने जून १९२२ मध्ये ग्रानादा येथे अव्यावसायिक गायकांची स्पर्धा भरविली. तिच्या निमित्ताने लिहिलेल्या पुस्तिकेत फाल्याने ह्या गायकीच्या घडणीची तीन कारणे सांगितली : बायझंटिन धर्मसंगीताचा स्वीकार, मुस्लिम आक्रमण आणि जिप्सींचे आगमन. स्वरांमधील सूक्ष्म अंतरांचा उपयोग, मर्यादित स्वरक्षेत्र, एकाच स्वराची आग्रही पुनरुक्ती व भावानुकूल अलंकरण ह्या बाबतींत तिचे भारतीय गायनाशी साम्य असल्याचेही त्याने नमूद केले.

ह्या मताची चिकित्सा आवश्यक आहे. जिप्सींची भाषा व त्यांचा आनुवंशिक वारसा यांवरून त्यांचे मूळ उत्तर भारतात असल्याचे सिद्ध झाले आहे. स्पेनमध्ये त्यांचा उल्लेख १४२५ पासून मिळतो. परंतु फ्लामेंको ह्या नावाने ओळखली जाणारी गायकी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धानंतर आकारास आली. तिच्यात जिप्सींबरोबरच स्थानिक अँडलूझियन, अरबी व वसाहतींतून परतलेल्या संगीताचे घटक मिसळले आहेत. दरम्यानच्या प्रवासातील संगीताची नोंद नसल्यामुळे केवळ भैरवीसारख्या स्वरपंक्तीवरून भारतीय रागसंगीताशी थेट वंशसंबंध जोडता येत नाही, कारण अशी स्वरपंक्ती भूमध्यसागराच्या परिसरातही सर्वत्र आढळते. फ्लामेंकोचा समावेश २०१० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या सूचीत झाला.

इतर प्रदेशांचे संगीतकार : सेव्हिलच्या होआकीन तुरीना (१८८२–१९४९) याने ‘अद्‌भुत नृत्ये’ (१९१९) ह्या रचनेच्या तीन भागांत अनुक्रमे ॲरागॉनचा खोता, बास्क सॉर्टसिको व अँडलूझियन फार्रुका योजून तीन प्रदेश एकत्र आणले. बास्क प्रदेशात होसे आंतोनिओ दे दोनोस्तिया (१८८६–१९५६) हा धर्मोपदेशक स्वतः संग्राहक व संगीतकार होता. हेसूस गुरीदी (१८८६–१९६१) याच्या वाद्यवृंदासाठीच्या ‘दहा बास्क धुना’ ह्या रचनेत प्रत्येक धून पूर्ण राखून तिच्याभोवती रंगांची योजना केली आहे. कॅटलोनियात मीगेल ल्योबेत (१८७८–१९३८) याने कॅटलन लोकगीते गिटारसाठी बांधली. फेदेरीको मोंपू (१८९३–१९८७) याने ‘गीते आणि नृत्ये’ ह्या पंधरा रचनांच्या मालिकेत लोकधुनांना मितभाषी साथ दिली. त्याच्या रचनांत स्वरांइतकेच महत्त्व शांततेला आहे. बुर्गोसचा आंतोनिओ होसे (१९०२–३६) याने कॅस्टीलच्या गीतांचा संग्रह केला, त्यास १९३२ मध्ये राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. गिटारसाठीचा त्याचा सोनाटा (१९३३) ह्या प्रदेशाचे गंभीर, अनलंकृत वळण दर्शवितो.

यादवी युद्ध व त्यानंतर : १९३६–३९ च्या यादवी युद्धाने ही परंपरा खंडित केली. लोर्काने १९३१ मध्ये ‘ला आर्खेंतिनीता’ ह्या गायिका-नर्तिकेस स्वतः पियानोची साथ करून जुनी लोकगीते ध्वनिमुद्रित केली होती. ऑगस्ट १९३६ मध्ये ग्रानादाजवळ त्याला ठार करण्यात आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आंतोनिओ होसे यालाही बुर्गोसजवळ गोळ्या घालण्यात आल्या. त्याचा गीतसंग्रह त्यानंतर चव्वेचाळीस वर्षांनी, १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. फाल्या १९३९ मध्ये अर्जेंटिनाला गेला व तेथेच वारला. रॉबर्टो जेरार्ड (१८९६–१९७०) याने इंग्लंडमध्ये केंब्रिज येथे आश्रय घेतला आणि १९४१ मध्ये पेद्रेलच्या कोशातील गीतांवर रचना करून गुरूचे ऋण फेडले.

फ्रँकोच्या राजवटीत (१९३९–७५) लोकनृत्यांना शासकीय प्रोत्साहन मिळाले. सत्ताधारी पक्षाच्या महिला शाखेने नृत्यपथके उभारली व बरेच नृत्यप्रकार जतन केले. परंतु त्याच राजवटीने कॅटलन व बास्क भाषांच्या सार्वजनिक वापरावर कठोर निर्बंध घातले. गीताचा पोशाख मान्य आणि त्याची भाषा अमान्य, अशी ही स्थिती होती. अशा काळात शब्दाविना वाजणाऱ्या धुनेला वेगळेच मोल आले. कॅटलन चेलोवादक पाब्लो कासाल्स (१८७६–१९७३) हा निर्वासित असताना ‘पक्ष्यांचे गीत’ ह्या कॅटलन नाताळगीताची सुरावट आपल्या कार्यक्रमांत वाजवीत असे. ऑक्टोबर १९७१ मध्ये वयाच्या ९४ व्या वर्षी त्याने ती संयुक्त राष्ट्रसंघाच्या सभागृहात वाजविली. होआकीन रोद्रीगो (१९०१–९९) याने स्पेनमध्ये राहून ‘बारा स्पॅनिश लोकगीते’ (१९५१) यांसारख्या रचनांद्वारे ही परंपरा पुढे चालविली.

मूल्यमापन : लोकधून स्वरलिपीत उतरविताना तिच्यातील सूक्ष्म स्वरांतरे, मुक्त लय, गायकागणिक बदलणारे अलंकरण आणि ज्या कामाच्या वा सणाच्या प्रसंगी ती गायिली जाते तो संदर्भ, हे सर्व थोडेफार हरपते. पियानोच्या ठराविक पट्ट्यांत दोन स्वरांमधील जागा बसत नाही. म्हणून अभिजात रचना लोकगीताची जागा घेऊ शकत नाही. तथापि अनेक प्रदेशांत मळणी, कापणी व मेंढपाळी यांच्या जुन्या पद्धती विसाव्या शतकात लोपल्या आणि त्यांच्याबरोबर त्यांची गीतेही मागे पडली. त्यांतील काहींचे स्मरण ह्या रचनांमुळे जगभर टिकले. परदेशी संगीतकारांनी रंगविलेला सरसकट ‘स्पॅनिश’ रंग आकर्षक असला, तरी ह्या परंपरेतील अधिक टिकाऊ कार्य ज्यांनी गाव, प्रांत व भाषा यांचे वेगळेपण ओळखले त्यांच्या हातून झाले. आस्तुरियासच्या गीताची साधी धून अलंकाराविना राखणारा फाल्या आणि बास्क धुना पूर्ण ठेवणारा गुरीदी हे त्याचे नमुने होत. श्रोत्याच्या दृष्टीनेही ह्या रचनांचा आस्वाद शीर्षकापेक्षा त्यांतील लय, स्वरपंक्ती व वाद्यनाद यांवरून प्रदेश ओळखण्यात अधिक आहे.